बिनडिस्कच्या लॅबचे कानमंत्र

लॅबमधली सगळी मशिनं एकाच वेळी रखडायला लागली, माउस अडखळत सरकायला लागला आणि स्विचवरचे दिवे न थांबता लुकलुकायला लागले, तर नेटवर्कवाल्याला फोन लावायची घाई करू नकोस. केबल, स्विच, कार्ड यांच्यामागे लागून माणसं अख्खी दुपार घालवतात आणि दोष असतो भलतीकडेच. आधी कुठल्याही एका मशीनची मेमरी बघ. ज्या मशीनला डिस्क नाही आणि स्वॅपही नाही, तिथे मेमरी भरली की बाहेरून दिसणारी लक्षणं नेटवर्क बिघडल्याची असतात. लॅबच्या किल्ल्या तुझ्या हातात देताना मला जे सांगायचं आहे ते बहुतेक सगळं या एका गोष्टीतून निघतं, म्हणून ती आधी नीट समजून घे.

कर्नल रॅमचे चार-चार केबीचे तुकडे करतो. त्यांना आपण पानं म्हणू. ही पानं दोन जातींची असतात. काहींची मूळ प्रत कुठल्यातरी फाइलमध्ये असते: प्रोग्रॅमचा कोड, लायब्ररी, वाचून झालेल्या फाइल. ही पानं केव्हाही टाकून द्यावीत आणि लागली तर पुन्हा वाचावीत. दुसऱ्या जातीच्या पानांमागे फाइलच नसते. प्रोग्रॅमने चालता चालता मागून घेतलेली मेमरी, ब्राउझरचे उघडे टॅब, एडिटरमध्ये टाइप केलेला पण अजून सेव्ह न झालेला मजकूर हे सगळं त्यात आलं. ही पानं टाकली तर माहितीच गेली. स्वॅप असतो तो यांच्यासाठी, घरातल्या माळ्यासारखा. रोज लागत नाही पण फेकताही येत नाही असं सामान तिथे चढवायचं. माळाच नसला तर ते सामान जमिनीवर पडून राहतं, आणि जागा हवी झाली की वाचनालयातून आणलेली पुस्तकं परत करून यावी लागतात. मग पुढचं पान वाचायचं अडलं की पुन्हा वाचनालयात.

आपल्या लॅबमध्ये ते वाचनालय म्हणजे सर्व्हर. मशीनची मूळ फाइलप्रणाली एनएफएसवरून येते. मेमरी दाटली की कर्नल आधी प्रोग्रॅमचा कोड टाकून देतो, कारण टाकण्याजोगं तेवढंच उरलेलं असतं. पुढच्याच क्षणी तो कोड लागतो आणि तारेवरून परत आणावा लागतो. आणला की दुसरा कोड टाकावा लागतो. सर्व्हरची एक गिगाबिटची तार सेकंदाला साधारण ११५ एमबी वाहून नेते. तीस मशिनं, प्रत्येकाला २०० एमबी कोड परत हवा, म्हणजे ६,००० एमबी झाले. सगळं सुरळीत चाललं तरी जवळजवळ एक मिनिट. आणि तो कोड येऊन टिकतही नाही, पुन्हा फेकला जातो. स्वॅप नाही म्हणजे थ्रॅशिंग, म्हणजे पानं फेकण्या-आणण्याचा हा खेळ, होणार नाही, असं पुष्कळ जाणती माणसंही धरून चालतात. ते खरं नाही. थ्रॅशिंग होतंच, फक्त ते कोडच्या पानांचं होतं आणि सर्व्हरपर्यंत पोचतं.

मग मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा ओओएम किलर कुठे असतो, असं तू विचारशील. तो येतो, पण उशिरा. कर्नलला जोवर काही ना काही पानं मोकळी करता येतात तोवर आपलं काम पुढे सरकतंय असंच त्याला वाटतं. कोडची पानं तर मोकळी होतच असतात. त्यामुळे माणसाच्या दृष्टीने मशीन मेलेलं असतं आणि कर्नलच्या दृष्टीने सगळं चालू असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कर्नल लिहिणाऱ्या मंडळींत नेमक्या याच दुखण्यावर मोठी चर्चा झाली होती. स्वॅप बंद, रॅम थोडी, ब्राउझरचे टॅब वाढवत न्यायचे आणि एका टॅबनंतर मशीन कित्येक मिनिटं गोठायचं. त्यांच्या मशीनला निदान डिस्क होती.

म्हणून माझा पहिला मंत्र असा की मेमरी भरल्यावर काय करायचं हे ती भरायच्या आधी ठरवून ठेव. कुठला प्रोग्रॅम मरणार, केव्हा मरणार आणि कुठला काही झालं तरी मरणार नाही, हे तू ठरवलं नाहीस तर ते कर्नल ठरवेल, आणि तेही फार उशिरा.

आता मोजणं. ‘फ्री’ कमांड चालवलीस की ‘फ्री’ नावाच्या रकान्याकडे बघून घाबरू नकोस. तिथला आकडा लहान असणं चांगलंच आहे, कारण रॅम रिकामी ठेवून कुणाचा फायदा नाही. बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना. २०१४ च्या ३.१४ कर्नलपासून हा अंदाज कर्नल स्वतः काढून देतो. काही जण दर तासाला ‘ड्रॉप कॅशेस’ चालवायची स्क्रिप्ट लावून ठेवतात आणि मोकळी मेमरी वाढलेली बघून खूश होतात. आपल्याकडे हे अजिबात करायचं नाही. बिनडिस्कच्या मशीनची कॅश फेकणं म्हणजे सर्व्हरकडून एकदा आणलेला माल हाताने फेकून तोच पुन्हा मागवणं.

‘बफ-कॅश’च्या रकान्यात मात्र एक फसवणूक आहे. टीएमपीएफएसमध्ये, म्हणजे रॅममध्येच राहणाऱ्या फाइलप्रणालीत, ठेवलेल्या फाइलही तिथेच मोजल्या जातात, पण त्या टाकून देता येत नाहीत. त्यांची दुसरी प्रत कुठेच नसते. त्यासाठी मेमइन्फो उघडून ‘एसएचमेम’ ही ओळ वाच. बिनडिस्कच्या मशीनचं आरोग्य सांगणारी एकच ओळ निवडायची झाली तर मी हीच निवडेन. सकाळी बूट झाल्यावर ती किती आणि दुपारी चारला किती, एवढं एका वहीत आठवडाभर टिपून ठेव. फुगत असेल तर कुणीतरी रॅममध्ये फाइल लिहीत बसलंय.

दुखणं मेमरीचं की तारेचं, हे ओळखायला आता चांगलं साधन आहे. २०१८ च्या शेवटी आलेल्या ४.२० कर्नलपासून ‘प्रेशर’ नावाची माहिती मिळते. काही वितरणांत ती बूटच्या वेळी चालू करावी लागते. ‘मेमरी’च्या फाइलमधल्या ‘फुल’ ओळीत गेल्या दहा सेकंदांचा आकडा असतो. त्या वेळात किती टक्के काळ सगळीच कामं मेमरीसाठी खोळंबली होती, हे तो सांगतो. तो शून्य असेल आणि तरी मशीन रखडत असेल तर खुशाल केबल तपास. तो वर चढलेला असेल तर स्विचला हात लावू नकोस. जोडीला ‘व्हीएमस्टॅट’मधला फाइल-रिफॉल्टचा मोजणीदार बघ. नुकतीच फेकलेली पानं परत आणावी लागली की तो वाढतो. हे दोन्ही आकडे एकदम वाढत असतील तर निदान पक्कं.

आता टीएमपीएफएसबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण माझ्या अनुभवात लॅबची निम्मी दुखणी इथून निघतात. मशीनवर लिहायला डिस्क नाही, म्हणून ‘टेम्प’, ‘रन’, शेअर्ड मेमरी आणि सर्व्हरच्या फाइलींवर पसरलेल्या ओव्हरलेचा वरचा, लिहिता येणारा थर असं सगळं रॅममध्ये बसतं. टीएमपीएफएसला तू मर्यादा दिली नाहीस तर तो आपली मर्यादा निम्मी रॅम धरतो. एकाला निम्मी ठीक आहे, पण असे तीन-चार टीएमपीएफएस असतील तर प्रत्येकाला निम्म्या रॅमची परवानगी मिळते आणि बेरीज रॅमच्या बाहेर जाते. म्हणून प्रत्येकाला माउंट करतानाच ‘साइझ’ दे. ४ जीबीच्या मशीनवर ‘टेम्प’ला २५६ एमबी आणि ओव्हरलेच्या थराला ५१२ एमबी पुरतात. ‘जागा संपली’ असा संदेश एका विद्यार्थ्याला मिळाला तर त्याची थोडी गैरसोय होते. तोच संदेश मिळाला नाही तर त्याचं अख्खं मशीन जातं. रॅमएफएस मात्र वापरूच नकोस, त्याला मर्यादा घालायची सोयच नाही.

ओव्हरलेची एक खोड लक्षात ठेव. खालच्या थरातल्या, म्हणजे सर्व्हरवरच्या, एखाद्या फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी पूर्ण फाइल वरच्या थरात उतरवली जाते. ३०० एमबीची फाइल असेल तर ३०० एमबी रॅम गेली. मालकी किंवा परवानग्या बदलतानाही एरवी हेच घडतं. एखाद्या मोठ्या फोल्डरवर आत-आतपर्यंत ‘सीएचओन’ चालवलं तर काही बदललं नाही असं वाटता वाटता शेकडो एमबी रॅम भरते. म्हणून मशीनवर बसून पॅकेज अपडेट करायचं नाही. जे बदलायचं ते सर्व्हरवरच्या इमेजमध्ये बदलायचं आणि मशिनं पुन्हा बूट करायची.

फाइल पुसली तरी रॅम मोकळी झाली नाही, असंही दिसेल. एखाद्या प्रोसेसने ती फाइल अजून उघडी धरलेली असते. ‘एलएसओएफ’ला ‘+एल१’ दिलं की अशा पुसलेल्या पण धरून ठेवलेल्या फाइलींची यादी मिळते. बहुतेक वेळा लॉग लिहिणारी एखादी सेवा निघते. लॉगसाठी साधा उपाय कर. जर्नल रॅममध्ये ठेव, त्याला ३२ एमबीची कमाल मर्यादा दे आणि जपून ठेवायचा मजकूर नेटवर्कवरून सर्व्हरच्या सिसलॉगला पाठव. ब्राउझरची डिस्क-कॅश तर बंदच करून टाक. ती होम फोल्डरमध्ये ठेवली तर एनएफएसवर बारीकसारीक फाइलींचा मारा होतो, ‘टेम्प’मध्ये ठेवली तर रॅम खाते.

पूर्ण इमेज रॅममध्ये उतरवून मशीन चालवावं, म्हणजे सर्व्हरवर अवलंबून राहायला नको, असा सल्ला तुला कुणीतरी देईलच. १६ जीबी रॅम आणि लहान इमेज असेल तर तो चांगला सल्ला आहे. ४ जीबीच्या मशीनवर दीड-दोन जीबीची इमेज कायमची रॅममध्ये बसवली तर मुलांनी काम कशात करायचं?

आता स्वॅपचा प्रश्न. डिस्क नाही म्हणून स्वॅप अशक्य, असं नाही. १९८० च्या दशकात सन कंपनीची ३/५० ही वर्कस्टेशनं ४ एमबी रॅमवर, डिस्कशिवाय चालत आणि त्यांचा स्वॅप नेटवर्कपलीकडच्या सर्व्हरवर असे. लिनक्सनेही २०१२ च्या ३.६ कर्नलमध्ये एनएफएस आणि एनबीडीवरचा स्वॅप नीट पेलायची सोय केली. त्यासाठी मेल गॉर्मन यांनी केलेलं काम वाचण्यासारखं आहे. मेमरी मोकळी करायला पान तारेवरून पाठवायचं, पण पाठवायला पॅकेट बांधायचं म्हणजे आणखी मेमरी लागते, आणि ती नसते म्हणून तर पान पाठवायचं असतं. हा पेच सोडवायला कर्नलने त्या सॉकेटसाठी राखीव मेमरी बाजूला ठेवली. एखाददुसऱ्या मशीनसाठी हे वापरायला हरकत नाही. तीस मशीनच्या लॅबमध्ये मात्र मी नेटवर्कवरचा स्वॅप लावू देणार नाही. सगळी मशिनं एकाच प्रात्यक्षिकात एकाच वेळी अडचणीत येतात, आणि मग सगळ्यांचा स्वॅप एकाच तारेवर धावतो.

आपल्यासाठी योग्य उपाय झेडरॅमचा. नितीन गुप्ता यांनी ‘कॉम्पकॅश’ नावाने सुरू केलेलं हे काम २०१४ मध्ये ३.१४ कर्नलच्या मुख्य भागात आलं. फेडोराने २०२० मध्ये आपल्या ३३ व्या आवृत्तीपासून ते सगळ्यांसाठी चालू करून टाकलं. रॅमचाच एक भाग स्वॅप म्हणून दाखवायचा आणि तिथे येणारी पानं दाबून, कॉम्प्रेस करून ठेवायची, एवढीच कल्पना. साधारण दोनास एक असं दाबलं जाईल असं धरून चाल. ४ जीबीच्या मशीनला २ जीबीचं झेडरॅम दे. ते पूर्ण भरलं तर अंदाजे १ जीबी खरी रॅम घेईल आणि तुला जवळपास १ जीबी जास्तीची मिळेल. रिकामं असताना ते आपल्या आकाराच्या हजाराव्या भागाएवढीच जागा खातं, त्यामुळे लावून ठेवण्यात तोटा नाही. आधीच दाबलेला माल, जसा व्हिडिओ किंवा झिप, आणखी दाबला जात नाही. व्हिडिओ एडिटिंगच्या प्रात्यक्षिकात झेडरॅमवर भरवसा ठेवू नकोस आणि त्याला खऱ्या रॅमची कमाल मर्यादाही घालून ठेव. झेडस्वॅप नावात जवळचा वाटतो, पण त्याच्यामागे खरा स्वॅप असावा लागतो. तो आपल्या कामाचा नाही.

झेडरॅम लावल्यावर दोन आकडे बदल. ‘पेज-क्लस्टर’ शून्य कर. एक पान मागितलं की शेजारची सात पानंही उचलायची, ही सवय फिरत्या डिस्कसाठी होती. आणि ‘स्वॅपीनेस’ वाढव. पूर्वी ती १०० पर्यंतच जायची, २०२० च्या ५.८ कर्नलपासून २०० पर्यंत जाते. डिस्कवाल्या मशीनवर स्वॅपीनेस कमी ठेव, असा सल्ला तू ऐकला असशील. आपलं गणित उलटं आहे. आपल्याकडे कोडचं पान परत आणायला तार लागते, झेडरॅममधलं पान उलगडायला फक्त प्रोसेसर लागतो. म्हणून कर्नलने कोड फेकण्याआधी झेडरॅमकडे वळावं, असं आपण त्याला सांगायचं. मी १५० ठेवते.

हे सगळं केलं तरी एखादा दिवस मेमरी भरणारच. आता ते संकट केव्हा आणि कुणावर बेतावं, ते ठरवू.

बाजूला बसून लक्ष ठेवणारा ‘अर्लीओओएम’ हा छोटा प्रोग्रॅम प्रत्येक मशीनवर असायलाच हवा. उपलब्ध मेमरी १० टक्क्यांखाली गेली की तो सर्वांत अवजड प्रोसेसला आटोपतं घ्यायला सांगतो आणि ५ टक्क्यांखाली गेली की सरळ मारतो. पण स्वॅप असेल तर तो स्वॅपही तितकाच भरायची वाट बघतो. झेडरॅम लावलंय म्हणजे स्वॅप आहेच. अर्लीओओएमला स्वॅपची अट १०० टक्के दिली की तो स्वॅपकडे दुर्लक्ष करून फक्त रॅम बघतो. कर्नल ६.१ किंवा पुढचा असेल तर आणखी एक सोय आहे. ‘एलआरयू-जेन’मधल्या ‘मिन-टीटीएल’ला १००० हा आकडा दे. गेल्या एका सेकंदात वापरलेली पानं कर्नल मग फेकत नाही, आणि ती राखणं जमलंच नाही तर ओओएम किलरला लगेच बोलावतो. बिनस्वॅपच्या मशीनसाठी इतकी नेमकी सोय यापूर्वी नव्हती.

मारायचं कुणाला, हे ‘ओओएम-स्कोअर-ॲडजस्ट’ने सांगता येतं. उणे १००० म्हणजे हात लावायचा नाही, अधिक १००० म्हणजे पहिला बळी हाच. एसएसएचचा मुख्य डेमन स्वतःच उणे १००० घेतो, म्हणून मशीन अडचणीत असतानाही तुला आत शिरता येण्याची आशा असते. ब्राउझर सुरू करणारी कमांड ‘चूम’मधून चालव आणि त्याला अधिक ५०० दे. मुलांचा एडिटर आणि ब्राउझर यांपैकी एक जायचं असेल तर ब्राउझरच गेला पाहिजे. पान पुन्हा उघडता येतं, लिहिलेला प्रोग्रॅम पुन्हा आठवून लिहावा लागतो. लवकर मारण्याचं धोरण आपण ठरवलं आहे, तेव्हा कुणाचं काम बुडणार नाही याची सोयही आपणच करायला हवी. प्रत्येक एडिटरचं ऑटोसेव्ह इमेजमध्येच चालू करून ठेव आणि ते सर्व्हरवरच्या होम फोल्डरमध्ये होऊ दे, ‘टेम्प’मध्ये नको.

‘ओव्हरकमिट’ला हात लावताना सावध राहा. दुसऱ्या पद्धतीवर टाकलं की कर्नल झेपेल तेवढंच कबूल करतो, हे ऐकायला फार छान वाटतं. पण त्याचा हिशेब म्हणजे स्वॅप अधिक रॅमचे ५० टक्के. स्वॅप शून्य असेल तर ४ जीबीच्या मशीनवर जेमतेम २ जीबी कबूल होते, आणि उरलेली रॅम डोळ्यांसमोर रिकामी असताना प्रोग्रॅम ‘मेमरी नाही’ म्हणून पडतात. शिवाय ब्राउझर आणि जावा वापरतात त्याच्या कितीतरी पट पत्ते आरक्षित करून ठेवतात, त्यांना ही शिस्त मानवतच नाही. मर्यादा घालायची ती सीग्रुपने, सिस्टिमडीच्या ‘मेमरीमॅक्स’मधून. विद्यार्थ्याच्या स्लाइसला ३ जीबी दे, उरलेली मशीनला राहू दे. ‘मेमरीहाय’ मात्र जपून वापर. ती मर्यादा ओलांडली की कर्नल प्रोसेसला मारत नाही, रोखून धरतो आणि पानं मोकळी करायला बघतो. मोकळं करण्यासारखं काही नसेल तर ती प्रोसेस नुसती लटकून राहते, आणि मुलगा बिचारा कीबोर्ड आपटत बसतो.

जावाला कमाल हीप सांगितली नाही तर ती साधारण रॅमचा चौथा भाग धरते. एका प्रोग्रॅमला ते चालतं. आयडीई एक जावा, त्यातलं बिल्ड दुसरं, मुलाचा प्रोग्रॅम तिसरा, अशी रांग लागली की चालत नाही. प्रत्येकाला ‘एक्सएमएक्स’ लिहून दे.

हे सगळं लहान कॉलेजच्या जुन्या मशीनचं रडगाणं आहे असं समजू नकोस. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक आला. क्रे एक्ससी४० जातीचा, ४ पेटाफ्लॉप ताकदीचा. त्याच्या गणन-नोडमध्येही डिस्क नव्हती. एका नोडमध्ये ३६ कोअर आणि १२८ जीबी रॅम, म्हणजे कोअरमागे साडेतीन जीबीच्या आसपास. अशा यंत्रावर हवामानाचं मॉडेल चालवणाऱ्यालाही हाच हिशेब करावा लागतो. प्रत्येक कोअरवर एक प्रोसेस बसवून मेमरी पुरत नसेल तर नोडवर ३६ ऐवजी १८ बसवायच्या, निम्मे कोअर रिकामे ठेवायचे आणि मन घट्ट करायचं. एका नोडवरची एक प्रोसेस मेमरीअभावी मेली तर शेकडो नोडवर पसरलेलं अख्खं काम थांबतं. बहुतेक वेळा जी मरते ती शून्य क्रमांकाची, कारण निकाल फाइलमध्ये लिहायला सगळ्यांचा डेटा तिच्याकडे गोळा होत असतो. सरासरीने मेमरी पुरते आणि तरी काम पडतं, त्याचं कारण हे. लॅबमध्येही सरासरी बघू नकोस, सर्वांत वाईट मशीन बघ. आयबीएमच्या ब्लू जीन-एल यंत्रात तर नोडला ५१२ एमबीच रॅम होती, आणि त्यावरचा हलका कर्नल झेपेल त्यापेक्षा जास्त कबूलच करत नसे. प्रोग्रॅमला नकार जागच्या जागी मिळे. शिस्त म्हणून मला ती पद्धत फार आवडते, पण त्या प्रोग्रॅमर मंडळींना आपली गरज आधीपासून माहीत असायची. आपल्या मुलांना ती अजून शिकायची आहे.

मशीन गोठलंच तर पॉवरचं बटण दाबायच्या आधी ऑल्ट, सिसआरक्यू आणि एफ या कळा एकत्र दाब. त्याने कर्नल ओओएम किलरला तिथल्या तिथे बोलावतो आणि बहुधा मशीन सुटतं. ही सोय काही वितरणांत बंद असते. उबुंटूमध्ये सिसआरक्यूचा आकडा १७६ असतो, त्यात ६४ मिळवून २४० कर. ही तयारी इमेजमध्येच हवी, गोठल्यावर करता येत नाही. तसंच, स्टॅटिक बांधलेली एक बिझीबॉक्स बूटच्या वेळी टीएमपीएफएसमध्ये उतरवून ठेव. अडचणीच्या वेळी ‘पीएस’ किंवा ‘किल’ चालवायला जाशील तेव्हा त्या कमांडही सर्व्हरवरून यायच्या असतात आणि तीच तार तुंबलेली असते. दोनेक एमबी रॅम या कामाला द्यायला अजिबात कुरकुर करू नकोस. जमलं तर शेल आणि सी लायब्ररी ‘व्हीएमटच’ने रॅममध्ये कुलूपबंद करून ठेव.

खर्चाला थोडे पैसे मिळाले तर ते सर्व्हरच्या रॅमवर घाल. इमेज सर्व्हरच्या रॅममध्ये पूर्ण मावत असेल तर तीस मशीनची मागणी एकदाच वाचलेल्या प्रतीतून भागते, सर्व्हरची डिस्क मध्ये येत नाही. त्यानंतरचे पैसे सर्व्हर आणि स्विचमधल्या १० गिगाबिटच्या जोडणीवर. मशीनची रॅम वाढवायची झाली तर तीस ठिकाणी वाढवावी लागते, म्हणून तो क्रम शेवटचा.

आणि विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हे कर. सगळी मशिनं बंद करून पुन्हा बूट कर, म्हणजे रॅममध्ये साचलेल्या फाइल आणि गळणारे प्रोग्रॅम दोन्ही जातील. पण सगळी एकदम नको, पाच-पाच करून, मध्ये मिनिटभर थांबून. सकाळी मुलं यायच्या आधी प्रत्येक मशीनवर परीक्षेचा कंपायलर आणि एडिटर एकदा उघडून बंद कर. त्यांचा कोड रॅममध्ये येऊन बसेल आणि सगळ्यांनी एकाच क्षणी क्लिक केलं तरी तारेवर गर्दी होणार नाही. ब्राउझर लागणार नसेल तर त्या दिवसापुरता इमेजमधून काढून टाक. मग एसएसएचने सगळ्या मशीनवर एक फेरी मारून ‘अव्हेलेबल’, ‘एसएचमेम’ आणि ‘प्रेशर’ हे तीन आकडे एका कागदावर उतरव. ज्या मशीनचा आकडा इतरांपेक्षा वेगळा दिसेल त्यावर कुणाला बसवू नकोस, बाजूची राखीव जागा दे. बहिस्थ परीक्षकांना आधीच सांगून ठेव की एखाद्या मुलाचा प्रोग्रॅम मध्येच मेला तर ऑटोसेव्ह झालेली फाइल त्याच्या होम फोल्डरमध्ये आहे, आणि ती उघडायला त्याला दोन मिनिटं जास्त द्यावीत.